सरकारी भिंत सर्वांची

पोळा झाला की भंडारा जिल्ह्यात सणांचा हंगाम सुरू होतो. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी घेऊन घरोघर हिंडतात. मग गणपती, शारदा-दुर्गा आणि दसरा-दिवाळी येतात, आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. दंडार आणि खडी गंमत पाहायला पंचक्रोशी लोटते. वर्षभर धानाच्या चिखलात राबणाऱ्या माणसाचा हा विसावा आहे, आणि त्याविषयी प्रस्तुत लेखात कोणतीही तक्रार नाही. समाजवाद्यांना लोकांच्या सणांचे वावडे आहे हा प्रचार आपले विरोधक पूर्वीपासून करीत आले आहेत. म्हणून ही गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी.

तक्रार आहे ती ह्याच हंगामात सरकारी इमारतींत जे घडते त्याविषयी. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी जावे. पोलिस ठाण्याच्या आवारात देऊळ असते, तहसील कचेरीत साहेबांच्या खुर्चीमागे हार घातलेली तसबीर असते, एस. टी. आगारात सत्यनारायण होतो आणि त्यासाठी वर्गणीची यादी फिरते. भंडारा जिल्हा ह्याला अपवाद नाही. ह्या गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांत काही वावगे आहे असे म्हणणाऱ्याकडेच लोक चमत्कारिक नजरेने पाहतात. आपले कार्यकर्तेही मग गप्प बसतात. पंचायत समितीचे आपले सदस्य अशा पूजेला हजेरी लावतात, प्रसाद घेतात आणि बाहेर आल्यावर धर्मनिरपेक्षतेवर भाषण करतात. ह्या मौनाने आपली भूमिका लोकांपर्यंत पोचत नाही. तिच्याविषयी लोकांत गैरसमज मात्र वाढतो. तेव्हा हा प्रश्न एकदा नीट मांडला पाहिजे.

सार्वजनिक म्हणजे काय?

‘सार्वजनिक’ ह्या शब्दाला महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली. जोतीराव फुल्यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात ज्या सत्यधर्माची मांडणी केली त्याला त्यांनी ‘सार्वजनिक’ हेच विशेषण लावले. १८९० नंतरच्या दशकात गणेशोत्सव सार्वजनिक झाला. तीन ठिकाणी शब्द एक असला तरी अर्थ एक नाही. उत्सव सार्वजनिक झाला म्हणजे तो घरातून चौकात आला. परंतु चौकात येणे आणि सर्वांचे होणे ह्यांत अंतर आहे, आणि ते अंतर ज्यांना चौकातच येऊ दिले जात नव्हते त्यांनी सर्वांत आधी ओळखले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारी यंत्रणेकडून चालवले जाणारे पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्या ठरावाने सांगितले. पण ठराव तेवढ्यावर थांबला नव्हता. शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने हीही नावे त्याच यादीत होती. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारोंनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे दहा वर्षे जो खटला चालला त्यातला एक प्रमुख वाद तळ्याच्या मालकीचा होता. तळे नगरपालिकेचे आहे की काही घराण्यांचे? १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने तळे नगरपालिकेचेच मानले आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही असा निर्णय दिला.

ह्या खटल्याचे मर्म आजच्या प्रश्नाला नेमके लागू पडते. जी वस्तू सर्वांच्या पैशातून उभी राहिली ती सर्वांची आहे. ‘आमची वहिवाट आहे’ असे म्हणून बहुसंख्यांनाही तिच्यावर आपला हक्क सांगता येत नाही. १९२७ साली वहिवाटीच्या नावाने माणसांना पाण्यापासून दूर ठेवले जात होते. आज कोणी कोणाला कचेरीच्या दारात अडवीत नाही, हे खरे. परंतु दारात पाऊल टाकताच ही जागा प्रथम कोणाची आहे आणि नंतर कोणाची, हे भिंतीवरची तसबीर सांगत असेल, तर वहिवाटीचा तोच जुना दावा सौम्य स्वरात केला जात आहे.

मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले ते विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून. मंदिराचे दार सर्वांना उघडा, असे त्यांनी समाजाला सांगितले. त्याच न्यायाने सरकारी कचेरीचे मंदिर करू नका, असे आज सरकारला सांगावे लागते. दोन्ही मागण्या एकाच तत्त्वातून निघतात, हे ज्याला दिसत नाही त्याला साने गुरुजींचे उपोषण कळले नाही असेच म्हटले पाहिजे.

हा जिल्हा कोणाचा?

भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. १९५४ साली, हा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात असताना, येथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर डॉ. आंबेडकर पराभूत झाले. समाजवाद्यांना जेथे विजय मिळाला तेथेच घटनेच्या शिल्पकाराला हार पत्करावी लागली, ही आठवण आपल्याला अस्वस्थ करणारी आहे आणि तशीच ती राहिली पाहिजे. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, येथून जेमतेम साठ किलोमीटरवर नागपुरात धम्मदीक्षा झाली. आज बारा लाखांच्या ह्या जिल्ह्यात दर आठ माणसांमागे सुमारे एक माणूस बौद्ध आहे. गोंड आदिवासी आहेत, मुसलमान आहेत, महानुभाव पंथाची माणसे आहेत, आणि कोणताही देव न मानणारेही आहेत.

२९ सप्टेंबर २००६ रोजी ह्याच जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. वादाच्या मुळाशी शेतजमीन आणि तीतून जाणारा रस्ता होता. पोलिसांनी वेळेवर धाव घेतली नाही, हा आरोप त्यानंतर सर्वत्र झाला. पोलिस ठाण्यात देऊळ असल्यामुळे असे गुन्हे घडतात, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु गावात एकट्या पडलेल्या कुटुंबाचा शेवटचा आधार सरकारी यंत्रणा हाच असतो. गाव विरुद्ध गेले, पंचायत विरुद्ध गेली, तरी ठाण्यातला माणूस गावाचा नसून कायद्याचा आहे, ह्या भरवशावर असे कुटुंब तक्रार नोंदवायला जाते. ज्यांनी आपल्याला वाळीत टाकले त्यांच्याच उत्सवाची वर्गणी ठाणेदाराच्या टेबलावर जमा होताना ते पाहील, तर हा भरवसा उरेल काय? सरकारी भिंत कोरी असावी ही मागणी ह्या भरवशासाठी आहे. तीत कोणाच्या देवाचा अवमान नाही.

घटना आणि तिची अंमलबजावणी

घटनेची भूमिका ह्या बाबतीत संदिग्ध नाही. कलम २५ प्रत्येक व्यक्तीला धर्मस्वातंत्र्य देते. ते व्यक्तीला आहे, कचेरीला नाही. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कलम २७ अन्वये कोणावरही करता येत नाही. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास कलम २८ मनाई करते. ११ मार्च १९९४ रोजी बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मनिरपेक्षता हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचे सांगितले.

२९ सप्टेंबर २००९ रोजी त्याच न्यायालयाने रस्ते, उद्याने व अन्य सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च किंवा गुरुद्वारा ह्यांचे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा आदेश दिला. त्यानुसार महाराष्ट्र शासनाने ५ मे २०११ रोजी निर्णय काढून जुन्या बांधकामांची नियमित करण्याजोगी, हटवण्याजोगी आणि अन्यत्र हलवण्याजोगी अशी विभागणी करण्यास सांगितले. रस्त्यावरच्या मंडपांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ आणि २०१६ साली दिलेले निर्णय प्रसिद्धच आहेत. रस्ता अडवून मंडप घालणे हा कोणाचा मूलभूत हक्क नाही आणि ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अविभाज्य भाग नाही, असे न्यायमूर्ती अभय ओक ह्यांच्या खंडपीठाने म्हटले.

निर्णय आहेत, पण ते अमलात आणण्याची राजकीय हिंमत नाही. जानेवारी २०१७ मध्ये राज्य शासनाचे एक परिपत्रक निघाले. सरकारी कार्यालये व शाळा ह्यांतील देवदेवतांच्या तसबिरी काढाव्यात, तेथे धार्मिक विधी करू नयेत, असा त्याचा आशय होता. गदारोळ झाला, सत्तेतल्या भागीदार पक्षानेच विरोध केला, आणि काही दिवसांत परिपत्रक मागे घेण्यात आले. २०२५ साली तर सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा देण्यात आल्याची घोषणा विधानसभेत झाली. लोकांचा उत्सव लोकांनी आपल्या हिमतीवर सव्वाशे वर्षे चालवला. त्याला सरकारी शिक्क्याची गरज कोणाला भासली, ह्याचा विचार गणेशभक्तांनीही केला पाहिजे.

सरकारी तिजोरी आणि श्रद्धा ह्यांचा संबंध काय असावा, हा वाद स्वातंत्र्याबरोबरच सुरू झाला होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये सोमनाथ मंदिराच्या पुनर्बांधणीची घोषणा सरदार पटेलांनी केली, तेव्हा त्यासाठी सरकारी पैसा वापरता येणार नाही, तो लोकांनी वर्गणीतून उभारावा, ही भूमिका गांधीजींनी घेतली. पटेलांनी ती मान्य केली. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद प्राणप्रतिष्ठेला गेले, तेव्हा हा सरकारी समारंभ नाही, असे पंतप्रधान नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना आधीच लिहून कळवले होते. गांधीजी रामनाम घेणारे होते, हे सांगण्याची गरज नाही. श्रद्धाळू माणसालाही देव सरकारी खर्चाने पोसलेला नको असू शकतो, ही गोष्ट आज लोकांना पुन्हा सांगावी लागते.

आक्षेप आणि उत्तरे

ह्या भूमिकेवर जे आक्षेप येतात ते सगळेच खोटेपणाने घेतलेले नसतात. म्हणून त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की हा धर्म नव्हे, ही संस्कृती आहे. पाटीवरची सरस्वती, दारावरचे तोरण, दसऱ्याचे सोने ह्यांत धर्म कोठे आला? ह्या युक्तिवादाचे पुढे काय होते ते अमेरिकेत दिसून आले. ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट शहराच्या नगरपालिकेने नाताळच्या सजावटीत बाळ येशूच्या जन्माचा देखावा मांडला होता. सांताक्लॉजचे घर, हरणे, विदूषक आणि हत्ती ह्यांच्या कटआउटांच्या शेजारी गोठ्यातला येशू होता, आणि ही सजावट बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांच्या सहकार्याने होत असे. ५ मार्च १९८४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती वैध ठरवली. संपूर्ण सजावटीच्या संदर्भात पाहता हा देखावा एका सणाची पार्श्वभूमी दाखवतो, असा त्या निकालाचा आशय होता. पाच वर्षांनी, १९८९ साली, पिट्सबर्ग येथील न्यायालयाच्या इमारतीत भव्य जिन्यावर एकटाच मांडलेला तसाच देखावा मात्र त्याच न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. भोवती विदूषक आणि हत्ती असले तर येशू चालतो, एकटा असला तर चालत नाही, असा ह्याचा व्यावहारिक अर्थ झाला. खऱ्या ख्रिस्ती माणसाला ह्यात आनंद वाटावा असे काय आहे? सरकारी भिंतीवर जागा मिळवण्यासाठी श्रद्धेला आपण श्रद्धा नसून सजावट आहोत असे शपथेवर सांगावे लागते. ‘ही फक्त संस्कृती आहे’ असे म्हणणारे आपल्या देवाला ह्याच रांगेत उभे करीत असतात.

दुसरा आक्षेप सर्वधर्मसमभावाचा आहे. एका धर्माची तसबीर नको, तर सर्व धर्मांच्या लावा. सूचना उदार दिसते, पण ती टिकत नाही. ‘सर्व’ म्हणजे कोण, हे कोणी ठरवायचे? गोंडांच्या बडादेवाची तसबीर कोठून आणणार? ज्याच्या धर्मात निराकार ईश्वराची मूर्ती निषिद्ध आहे त्याच्या वाट्याला भिंतीचा कोणता कोपरा देणार? महानुभावाला अन्य देवतांची पूजा वर्ज्य आहे. तेहतीस कोटी देवांना नाकारून जो बौद्ध झाला त्याला बुद्धाची तसबीर देवांच्या ओळीत टांगलेली कशी रुचेल? यादी कितीही लांबवली तरी कोणी तरी बाहेर राहतोच, आणि कोणाला आत घ्यायचे हे ठरवणाऱ्याचे वर्चस्व मात्र कायम राहते. सर्वधर्मसमभाव ही नागरिकांची परस्परांशी वागण्याची रीत आहे, आणि ती फार मोलाची आहे. राज्ययंत्रणेने मात्र आपल्या भिंतीवर कोणालाच स्थान न देता सर्वांना समान अंतरावर ठेवले पाहिजे. अशोकचक्र आणि सिंहमुद्रा ही बौद्ध परंपरेतली चिन्हे नव्हेत काय, असा प्रतिप्रश्न येतो. चक्राला राष्ट्रध्वजावर आणि सिंहमुद्रेला राज्याच्या कागदांवर जे स्थान मिळाले ते प्रजासत्ताकाची चिन्हे म्हणून मिळाले, कोणा साहेबाच्या खासगी श्रद्धेमुळे नव्हे. त्यांच्यापुढे कोणी उदबत्ती लावीत नाही आणि लावूही नये.

तिसरा आक्षेप कामगारांच्या भावनेचा आहे, आणि तो आपल्या सर्वांत जवळचा आहे. चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतला एखादा कामगार खंडेनवमीला आपल्या हत्याराला झेंडूची माळ घालत असेल, तर तीही बंद करायची काय? मुळीच नाही. ज्या हत्यारावर आपले पोट चालते त्याच्याविषयीची ती कृतज्ञता आहे. ती त्याची स्वतःची आहे आणि त्याने ती कोणावर लादलेली नाही. पण कार्यालयप्रमुख पूजेला बसतो, कामाच्या वेळेत सगळे कर्मचारी गोळा होतात, वर्गणीच्या यादीत कोणाच्या नावापुढे आकडा नाही हे साहेबांना दिसते, आणि गोपनीय अहवाल लिहिणारा हात तोच असतो, तेव्हा तेथे श्रद्धेपेक्षा अधिकार बोलत असतो. नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील बौद्ध शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिला म्हणून त्याची वेतनवाढ रोखली गेली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली. न्याय मिळाला, परंतु त्यासाठी त्याला वर्षानुवर्षे झगडावे लागले. बहुतेकांची तेवढी तयारी नसते. ते मुकाट्याने हात जोडतात.

चौथा आक्षेप असा की पोटापाण्याचे प्रश्न सोडून हे कसले काढले? धानाला भाव नाही, गोसीखुर्दचे विस्थापित अजून मोबदल्यासाठी खेपा घालतात, आणि तुम्ही तसबिरी मोजीत बसता! ह्याला उत्तर देताना एका रात्रीची आठवण दिली पाहिजे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बालके दगावली. ती बालके गरिबांची होती. पुढे जिल्हा शल्यचिकित्सकांसह काही जणांवर कारवाई करावी लागली. सरकारी इमारतीने नागरिकाला काय देणे लागते, हे त्या रात्रीने सांगितले. तिने विजेच्या तारा तपासाव्यात, आग विझवण्याची साधने चालू ठेवावीत, रात्रपाळीला पुरेशी माणसे नेमावीत. राज्ययंत्रणेची पूजा ती हीच, आणि ती वर्षातून एकदा करून भागत नाही. पोटापाण्याचा प्रश्न आणि हा प्रश्न वेगळे नाहीत. कारभाराचा हिशेब मागणारा नागरिक सत्ताधाऱ्यांना नको असतो. प्रसादासाठी हात पुढे करणारा भक्त त्यांना सोयीचा वाटतो. कचेरीचे देऊळ झाले की दाखला मागायला आलेला माणूस हक्कदार राहत नाही, याचक होतो. आपला झगडा त्याला पुन्हा हक्कदार करण्याचा आहे.

रेषा कोठे आखायची?

तेव्हा रेषा स्पष्ट असली पाहिजे. गावचा चौक, बाजाराचे पटांगण, पोळा भरण्याची जागा ही सार्वजनिक आहेत आणि लोकांनी ती वापरावीत ह्यासाठीच आहेत. तेथे गणपती बसो, दुर्गा बसो, ताजिया निघो, नाताळचा तारा लागो किंवा १४ ऑक्टोबरला पंचशील ध्वज फडको. अट एवढीच की नियम सर्वांना एक असावा, मुदत ठरलेली असावी, रस्ता आणि रुग्णवाहिका अडू नये, सरकारी पैसा नसावा आणि सरकारी अधिकारी यजमान नसावा. सण संपला की जागा होती तशी परत मिळाली पाहिजे. मंडईचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. मंडई एक दिवस गजबजते, रात्र जागते आणि उठते. गावाच्या मोकळ्या जागेवर ती कायमचा हक्क सांगत नाही.

हक्क सांगितला जातो तो अन्य मार्गाने. रस्त्याच्या कडेला आधी एक शेंदूर लावलेला दगड येतो, मग ओटा, मग पत्र्याचे छप्पर, मग लोखंडी कुंपण, आणि अखेरीस त्याच्या आडोशाने भाड्याने दिलेली दुकाने. देवाला पुढे करून जागा बळकावण्याचा हा धंदा आहे. ह्याचा सर्वांत मोठा फटका फूटपाथवर भाजी विकणाऱ्या बाईला बसतो, कारण तिच्या टोपलीला देवाचे संरक्षण नसते. मात्र अतिक्रमण काढण्याच्या नावाने एकाच समाजाच्या प्रार्थनास्थळावर यंत्र चालवले जात असेल, तर त्याला आपण तितक्याच ठामपणे विरोध केला पाहिजे. यादी प्रसिद्ध व्हावी, नोटीस मिळावी, हरकती ऐकल्या जाव्यात, आणि नियम सर्वांना सारखा लागावा. ह्या नियमातून आपल्या जवळची, आपल्याला मते देणारी वस्तीही सुटता कामा नये. विहाराला एक न्याय आणि मंदिराला दुसरा, असे आपण म्हणू लागलो तर आपल्या बोलण्याला कवडीची किंमत राहणार नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

हे काम हातोड्याने होणारे नाही. कोणत्याही कार्यकर्त्याने कोणत्याही भिंतीवरची तसबीर स्वतः उतरवू नये. त्यातून एका दिवसात दंगल होईल आणि दहा वर्षांचे लोकशिक्षण वाया जाईल. हा विदर्भ गाडगेबाबांचा आणि तुकडोजी महाराजांचा आहे. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला आणि लोकांना धर्मशाळा आणि शाळा बांधायला लावल्या. देव दगडात शोधू नका, भुकेल्याला अन्न द्या, हे ते ज्या बोलीत सांगत त्या बोलीत आपल्याला सांगता आले पाहिजे. इहवादाची परिभाषा घेऊन गावात गेलो तर आपल्याला ऐकायला कोणी थांबणार नाही.

आरंभ आपल्यापासून व्हावा. पक्षाच्या सरपंचाने, पंचायत समितीच्या व जिल्हा परिषदेच्या सदस्याने सरकारी इमारतीतल्या पूजेचे यजमानपद नम्रपणे नाकारावे. घरी त्याने हवी ती पूजा करावी. सरकारी बांधकामाच्या भूमिपूजनाला नारळ फोडण्याऐवजी घटनेची उद्देशिका वाचावी. ही सूचना केवळ समाजवाद्यांची नाही. ३ मार्च २०२४ रोजी पिंपरी-चिंचवड येथे न्यायालयाच्या नव्या इमारतीच्या समारंभात न्यायमूर्ती ओक ह्यांनीच, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश असताना, न्यायालयांच्या कार्यक्रमांतील पूजाअर्चा थांबवून उद्देशिकेपुढे मस्तक नमवावे असे म्हटले होते.

त्यानंतर ग्रामसभेत प्रश्न विचारावेत. उत्सवाच्या रोषणाईचे वीजबिल कोणी भरले? जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणातला ओटा कोणाच्या परवानगीने झाला? माहितीच्या अधिकारात अर्ज करावेत. सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांतील आपल्या मित्रांनी वर्गणीची यादी कार्यालयात फिरणार नाही असा ठराव मांडावा; जो वर्गणी देत नाही त्याच्या पाठीशी संघटना उभी आहे, हे एकदा दिसले की अनेकांची भीती जाईल. मंडळांच्या तरुणांशी वैर धरू नये. त्यांच्यातल्याच कित्येकांना रोजगार नाही आणि तो प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जाणारा आपल्याखेरीज दुसरा पक्ष नाही. त्यांच्या मंडपात जावे, त्यांच्याबरोबर बसावे आणि मंडप रुग्णालयाच्या वाटेवर का नसावा हे तेथेच बोलावे.

ह्या कामात टाळ्या मिळणार नाहीत. मते कदाचित जातील. परंतु १९२३ साली बोले ठराव मांडला गेला तेव्हाही मतांचा हिशेब त्याच्या बाजूने नव्हता. त्या ठरावातली दवाखाना, शाळा, कचेरी आणि न्यायालय ही यादी अजून पुरी व्हायची आहे. खैरलांजीसारख्या गावातले एकटे कुटुंब पोलिस ठाण्याची पायरी चढताना, ही पायरी जितकी गावाची तितकीच माझी, असे निःशंकपणे म्हणू शकेल तेव्हाच ती पुरी झाली असे समजावे. येत्या मंडईत दंडार पाहायला अवश्य जावे. आणि दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत अर्ज घेऊन जाणाऱ्या माणसाबरोबरही जावे.